प्रोजेक्टरला खोळ

३ सप्टेंबर

लिफाफा चिकटवायला डिंक लावतात, सिमेंट नाही. तुझं पत्र उघडताना निम्मं माझ्या हातात आलं आणि निम्मं लिफाफ्यालाच धरून बसलं. वाफेवर धरलं, सुरीने खरवडलं, तेव्हा एवढं हाती लागलं: "वर्गात छताला लटकलेलं" आणि पुढे भोक. त्याच्या खाली "समोर उभी राहिले की माझे हातपाय गळतात". परत भोक. मग एकदम "तुझी भिंगरी".

आता माणसाने काय समजायचं? काकू म्हणते वटवाघूळ असेल. काका म्हणतो पंखा सैल झाला असेल. मी म्हटलं पाल असेल, ही पोरगी पालीला बघून अंघोळ अर्धी टाकून पळायची, मास्तरीण झाली म्हणून काय पाली हिला सलाम करणार आहेत? घरात असे तीन पक्ष झालेत आणि जेवताना दुसरा विषय नाही.

फोनवर सांगते म्हणू नकोस. फोनमध्ये मला माणूस ऐकू येत नाही, मधमाश्या ऐकू येतात. मग तू ओरडतेस, आणि मला सोडून सगळ्या शेजाऱ्यांना आपलं घर कळतं. दोघींना लिहिता येतं. मला कमी येतं, पण मी पानाच्या दोन्ही बाजू भरते.

छताला काय आहे ते नीट लिही. नोकरीचं काय झालं तेही लिही. तुला कायम करणार की टांगून ठेवणार? भोकात गेलेलं असेल तर परत लिहायला लाजू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते काय दरवेळी लिहायचे.

आजी


११ सप्टेंबर

आजीस नमस्कार.

या वेळी लिफाफा नुसता दुमडलाय, चिकटवलेला नाही. वाटेत कोणी वाचलं तर वाचू दे.

पाल नाही, वटवाघूळ नाही आणि पंखाही घट्ट आहे. छताला प्रोजेक्टर आहे. शाळेने उन्हाळ्यात प्रत्येक वर्गात बसवले. पांढरी पेटी असते, साधारण काकाच्या जेवणाच्या डब्याच्या दुप्पट, लोखंडी दांड्याला उलटी टांगलेली. तिच्या भिंगातून उजेड समोरच्या पडद्यावर पडतो आणि माझ्या लॅपटॉपवर जे असेल ते पडद्यावर भिंतीएवढं दिसतं. दिसलं तर. माझं दिसत नाही. मी केबल लावते, पडदा निळा होतो आणि त्यावर "सिग्नल नाही" असं येतं. मागे चाळीस पोरं. समोर उभी राहिले की हातपाय गळतात ते त्यामुळे.

नोकरीचं असं आहे. हंगामी आम्ही दोघं: मी विज्ञानाची आणि दुसरे गणिताचे सर. कायमची जागा एक. डिसेंबरात संस्थेची समिती येणार, मागच्या बाकांवर बसून दोघांचा एकेक तास बघणार. तास प्रोजेक्टरवरच घ्यायचा अशी अट आहे. ज्याचा बरा होईल तो कायम, दुसऱ्याची मुदत जानेवारीत संपते. कायम झालं की शाळेमागचं क्वार्टर मिळतं. दोन खोल्या, नळ आत. तू तिथे येऊन राहायचं हे आपलं ठरलेलंच आहे. काकूच्या बोळकंडीत खाट टाकून तू किती दिवस काढणार, जो तो येता-जाता खाटेला ठेचकाळतो.

गणिताचे सर परवा शाळा सुटल्यावर थांबले आणि त्यांनी मला दाखवलं. आधी भिंतीवरचा मोठा स्विच. मग रिमोटने प्रोजेक्टर चालू करायचा आणि चित्र उजळेपर्यंत थांबायचं. मग फळ्याजवळच्या भिंतीत जो सॉकेट आहे तिथून केबल लॅपटॉपला. मग रिमोटवर एक बटण दाबून त्याला सांगायचं की चित्र कुठून घे. मी सगळं उलट्या क्रमाने करत होते आणि मग घाबरून सगळी बटणं एकदम दाबत होते.

तुझी भिंगरी


१७ सप्टेंबर

तुझ्याच जागेवर टपून बसलेला माणूस तुलाच शिकवायला थांबतो? एक तर तो मूर्ख आहे नाहीतर लबाड. मूर्ख असेल तर गणित कसं शिकवतो? म्हणजे लबाडच. त्याने सांगितलेल्या क्रमात एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची नाही ना, बघ. समितीसमोर तू बटण दाबशील आणि धूर निघेल.

काकूला मी क्वार्टरचं सांगितलं. नळ आत आहे हे तिला दोनदा सांगितलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. मी गेले तर बोळकंडीत फ्रिज ठेवायचा तिचा विचार आहे. खाटेचं माप घेऊन झालंय. मी अजून जिवंत त्या खाटेवर झोपते आणि ही टेप लावते.

म्हणून सांगते, जागा मिळव. मला तुझ्या प्रेमाबिमाचं काही नाही, मला नळ पाहिजे.

आजी


२६ सप्टेंबर

आजीस नमस्कार.

सर लबाड नाहीत. मी त्यांना तोंडावरच विचारलं, तुम्ही मला का शिकवताय. ते म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरून पडलात म्हणून मी निवडलो गेलो, तर त्यात माझी काय कमाई?" त्यांना बोलताना चष्मा वर सरकवायची सवय आहे, त्यामुळे कोणतंही वाक्य शहाणपणाचं वाटतं. पण ते खरं बोलत होते.

आता मला चालवता येतं. परवा मात्र रिमोटवर भलतंच दाबलं गेलं आणि चित्र उलटं झालं. छताला उलटं टांगलेलं यंत्र असल्याने त्यात चित्र उलटंसुलटं करायची सोय असते, ती माझ्या बोटाखाली आली. पडद्यावर झाड उलटं, मुळं वर, शेंडा खाली. मी रिमोट शोधतेय, तो माझ्याच हातात. मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, याला आता पाणी छतातून घालायचं का?" वर्ग हसून हसून बाकाखाली. सर शेजारच्या वर्गातून आले, दोन बटणं दाबली, झाड सरळ केलं आणि आपल्या वर्गात परत गेले.

दुसरा त्रास धुळीचा. मधल्या सुट्टीत पोरं डबे घेऊन बाहेर जातात आणि वर्ग झाडायला बाई येतात. खडूची भुकटी नुसती वर उडते आणि भिंगावर बसते. चित्रावर मळभ आल्यासारखं दिसतं. माझा तास सुट्टीच्या आधी असतो आणि सरांचा सुट्टीनंतर. ते रोज रुमालाने भिंग पुसतात.

तुझी भिंगरी


४ ऑक्टोबर

एवढी शिकलेली माणसं आणि धुळीवर उपाय रुमाल? यंत्राला खोळ घालायची, झालं. माझ्या घरात टीव्हीला खोळ आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे, काकाच्या स्कूटरला आहे. काकू म्हणाली, एक दिवस मलाही खोळ घालाल. मी म्हटलं, तुला एवढं कापड कुठून आणू?

तू डब्याच्या दुप्पट लिहिलं होतंस. मी काकाचा डबा टेबलावर ठेवला, शेजारी त्याच्या धाकट्याचा ठेवला आणि त्यावर मापून शिवली. वरून जुन्या चादरीचं कापड आहे. आतून जेवणाच्या टेबलावरचं जुनं प्लास्टिक लावलंय, म्हणजे भुकटीचा कणसुद्धा आत जाणार नाही. मागे दांड्यासाठी चीर ठेवलीय, खाली नाडी आहे. वरून चढवायची आणि नाडी ओढायची.

एक लक्षात ठेव. यंत्र बंद केलं की लगेच घालायची. थोडं गार होऊ दे, मग घालते, असं म्हणत बसलं की माणूस विसरतो आणि धूळ आपलं काम करून जाते. मी टीव्ही बंद केला की गरम असतानाच घालते. टीव्ही अजून चालतो.

खोळीचं पार्सल वेगळं येईल. त्या सराला दाखवू नकोस. उगाच त्याच्या वर्गासाठी दुसरी शिवायला लावेल.

आजी


१५ ऑक्टोबर

आजीस नमस्कार.

खोळ मिळाली. बसते छान. नाडी फार सोयीची आहे. मला टेबलावर स्टूल ठेवून चढावं लागतं, पण जमतं. सुट्टी झाली की घालते आणि घंटा व्हायच्या आधी काढून कपाटात ठेवते. कोणाला दाखवलेली नाही, हसतील म्हणून. झाडणाऱ्या बाईंची नजर जमिनीवर असते, त्या वर बघतच नाहीत.

चित्र खरंच स्वच्छ दिसतं. सर म्हणाले, "हल्ली भिंग पुसावं लागत नाही, भुकटी कमी झाली की काय?" मी म्हटलं खडू बदललेत.

तुझी भिंगरी


९ नोव्हेंबर

आजीस नमस्कार.

एक वाईट बातमी आहे. परवा गणिताच्या सरांच्या तासाला आमच्या वर्गातल्या प्रोजेक्टरचा दिवा फुटला. फट्ट आवाज झाला आणि वर्गात अंधार. पोरं आधी ओरडली, मग टाळ्या वाजवल्या.

दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, आत फार तापलं, गरम हवेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. कोणीतरी नीट बंद न करता सलग चालवलं असणार. शाळेचा नियम असा की यंत्र ज्याच्या तासाला बिघडेल त्याने जाब द्यायचा. मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं. सर म्हणाले मी रोज चालवतो तसंच चालवलं. बाई म्हणाल्या, "मग काय ते आपोआप फुटलं?"

हे समितीला कळवलंय. यंत्र सांभाळता येत नाही असा शेरा त्यांच्या नावावर पडला. आता त्यांचा तास बघणार नाहीत, फक्त माझा बघणार.

बाकी ठीक. इथे हवा गार झाली आहे. नवीन चपला घेतल्या, त्या चावतात.

तुझी भिंगरी


१६ नोव्हेंबर

वर वाईट बातमी असं लिहिलंस आणि खाली चांगली दिलीस. मला आधी वाटलं तूच स्टुलावरून पडलीस.

मी तुला सांगितलं नव्हतं, हा माणूस दुसऱ्याला शिकवत फिरतो म्हणून? स्वतःचं बघितलं असतं तर दिवा फुटला नसता. आपल्या वाटेतला एक काटा गेला. त्यात तुला वाईट काय वाटायचं ते एकदा चेहऱ्यावर वाटून घे आणि तासाची तयारी कर.

मी ट्रंक काढली आहे. काकू कधी नव्हे ते माझ्याशी गोड बोलते, काल चहात साखरसुद्धा विचारून घातली. शिलाई मशीन मी आणणार, ते तिला वाटतं इथेच राहील. खाट आणणार नाही. क्वार्टरमध्ये मी पलंग घेणार. म्हणजे तू घेणार.

खोळीबद्दल अक्षर नाही. मागच्या पत्रात नाडीची तारीफ होती. या पत्रात चपला. चपला चावतात तर टाचेला तेल लाव, त्याला पत्र कशाला.

आजी


८ डिसेंबर

आजीस नमस्कार.

तास चांगला झाला. प्रोजेक्टरला नवीन दिवा बसवला होता. समितीचे तिघं मागे बसले होते. एक झोपले, पण दोघं शेवटपर्यंत बघत होते. मी एकही बटण चुकवलं नाही. रक्त शरीरात कसं फिरतं ते दाखवलं. नंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्यात केवढा फरक पडला हो." नेमणुकीचं पत्र या महिन्यातच मिळेल.

काका कामासाठी इकडे आला होता, त्याच्याबरोबर पिशवी दिली आहे. त्यात तुझी लोकर आहे आणि ती खोळही आहे. खोळ मी दिवा फुटायच्या खूप आधीच घालायची सोडली होती, कारण नाडी तुटली. कपाटात नुसती पडून होती. आता तिचा उपयोग नाही. काकूला दे, फाडून फरशी पुसायला होईल.

ट्रंक भर. पलंग बघून ठेवलाय.

तुझी भिंगरी


१४ डिसेंबर

पिशवी मिळाली. लोकर मी सांगितली त्या रंगाची नाही, पण ते राहू दे.

खोळ मी फाडायला दिली नाही. आधी उलटी केली. आतलं प्लास्टिक एका बाजूला आक्रसून गोळा झालंय, चादरीला चिकटलंय, आणि त्या जागी कापड पिवळं पडलंय. वास अजून येतो. काकू स्वयंपाकघरातून ओरडली, काय जळतंय म्हणून.

नाडी तुटलेली नाही. कापलेली आहे, कात्रीने, सरळ. तुटलेल्या नाडीला दाढी येते. हे काही मला एकटीला कळतं असं नाही, काकानेही बघून सांगितलं. त्याला मी एवढंच म्हटलं, उंदराने कुरतडली असेल. तो म्हणाला, उंदराकडे कात्री होती वाटतं.

मी काही विचारत नाही, एकच विचारते. दिवा फुटला त्या दिवशी सुट्टीत खोळ घातली होती की नव्हती? हो किंवा नाही. हवेचं लिहू नकोस. चपलांचं लिहू नकोस.

आजी


२० डिसेंबर

आजी,

हो.

त्या दिवशी तास लांबला. मी रिमोटने यंत्र बंद केलं तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि झाडणाऱ्या बाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ चालू राहतो. दिव्याची गरमी बाहेर काढायला. तो आपोआप थांबेपर्यंत हात लावायचा नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज मी थांबायचे. त्या दिवशी थांबले नाही. तू लिहिलं होतंस लगेच घाल. मी बाईंना एक मिनिट थांबवलं आणि घातली. आत पंखा घुरघुरत होता आणि मी नाडी ओढली. सुट्टी संपताना काढली तेव्हा पेटी हाताला चटका लागेल अशी गरम होती. मी हाताने वारा घातला. मग सर आले आणि मी खोळ पाठीमागे धरून बाहेर गेले.

मला वाटलं काही होणार नाही. अर्ध्या तासाने आवाज झाला.

मी सांगणार होते. त्याच दिवशी सांगणार होते. पण ऑफिसच्या दाराशी गेले तेव्हा आत सर उभे होते आणि मुख्याध्यापिका बोलत होत्या, आणि मला आत जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी कठीण झालं. आता तर झालंच आहे. नेमणुकीचं पत्र काल मिळालं. क्वार्टरची किल्ली एक तारखेला मिळेल. सर जानेवारीच्या मध्यावर जाणार. मला भेटून अभिनंदन करून गेले. म्हणाले, "आता रिमोटला पट्टी बांधून ठेवा, म्हणजे हातात असताना शोधावा लागणार नाही." मी हसले.

आता बोलून कोणाचं भलं होणार? सरांना दुसरीकडे कुठेही नोकरी मिळेल, ते हुशार आहेत. मला मिळणार नाही. आणि मी हे माझ्यासाठी केलं नाही, आजी. तू त्या बोळकंडीत झोपतेस. मी तुझ्यासाठी गप्प बसले. एवढं तरी समजून घे.

तुझी भिंगरी


२६ डिसेंबर

माझं नाव पुढे करू नकोस. मी नळ मागितला होता, हे मागितलं नव्हतं.

आधी माझा हिशेब. खोळ मी शिवली. आत प्लास्टिक लावायची अक्कल माझी. लगेच घाल हेही मीच लिहिलं, आणि वर टीव्हीचा दाखला दिला. टीव्हीच्या खोळीला प्लास्टिक नाही, हे मला पत्र लिहिताना सुचलं नाही. एवढं माझं, ते मी कोणालाही सांगेन. पण मी इथे होते आणि तू तिथे. पंखा घुरघुरत होता तो तुला ऐकू येत होता. बहिरी मी आहे, तू नाहीस. आणि पुढचं सगळं तर तुझं एकटीचंच आहे. ऑफिसचं दार, कात्री, फरशी पुसायला दे, हे काही मी पत्रात लिहिलं नव्हतं.

सर हुशार आहेत म्हणून त्यांना कुठेही नोकरी मिळेल, असं लिहितेस. मिळेलही. पण यंत्र सांभाळता येत नाही हा शेरा ते बरोबर घेऊन जाणार, आणि तो शेरा तुझा आहे. नव्या ठिकाणी कोणी विचारलं तर ते काय सांगणार? त्यांना स्वतःलाच माहीत नाही काय झालं. रोज रात्री पडून विचार करत असतील, आपण कोणतं बटण चुकवलं. शिकवणाऱ्या माणसाला त्याने स्वतः कुठे चूक केली हे शोधायला लावायचं, आणि उत्तर आपण कपाटात ठेवायचं! मी त्याला लबाड म्हटलं, मूर्ख म्हटलं, काटा म्हटलं. तेव्हा तू मला अडवलं नाहीस. पहिल्या वेळी अडवलं होतंस, काट्याच्या वेळी नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता क्वार्टरचं. मला दोन खोल्या नकोत असं समजू नकोस. हव्या आहेत. नळ घरात असावा, सकाळी कोणी पायाला ठेचकाळू नये, मशीन खिडकीशी ठेवावं, हे सगळं मला हवं आहे. पण त्या दोन खोल्यांत आपण दोघी राहणार. तुला माहीत असणार, मला माहीत असणार, आणि जेवताना दोघींना दुसरं काहीतरी बोलायचं असणार. एवढी मोठी नाही ती जागा.

जागा जाईल म्हणतेस. जाईल कदाचित. मुख्याध्यापिका काय करतील ते मला माहीत नाही, मी त्यांना ओळखत नाही. गेली तर दुसरीकडे अर्ज कर. प्रोजेक्टर चालवता येतो असं त्यात लिही, ते तरी खरं आहे, आणि कोणाकडून शिकलीस तेही लिही. मी इथे आहेच. काकूच्या फ्रिजला थोडी कळ सोसावी लागेल. ट्रंक भरलेली आहे, ती मी रिकामी करत नाही. त्यात तुझ्यावर विश्वासबिश्वास काही नाही, मला परत घड्या घालायचा कंटाळा आहे.

काका सोमवारी परत तिकडे येतोय. त्याच्याबरोबर खोळ पाठवते. मी ती धुतलेली नाही. ऑफिसात जा, बाईंच्या टेबलावर ठेव, आतली बाजू वर करून. मग तुला फार बोलावं लागणार नाही, पण जेवढं लागेल तेवढं तूच बोल, काकाला बोलायला लावू नकोस. तो तिथे काहीतरी विनोद करेल. आणि सर गावात आहेत तोवर कर. त्यांना आत बोलावून, त्यांच्यासमोर. ते गेल्यावर केलेलं मी धरणार नाही.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तू लिहिशील, सांगितलं गं आजी, सगळं नीट झालं. मी ते वाचीन आणि खूश होईन, आणि ते खरं की पुन्हा चपलाच, हे मला इथून कळणार नाही. तुझं अक्षर दिसलं तर लिफाफा तसाच परत पाठवीन. उत्तर गणिताच्या सरांनी द्यायचं, त्यांच्या हाताने. चार ओळी पुरेत. शिव्या असल्या तरी चालतील, मला वाचता येतात.

आजी